हिरव्या रकान्यातलं शून्य

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सिस्टरला तक्त्याच्या आरपार भिंत दिसली.

तक्ता पुठ्ठ्याचा होता, दाराएवढा, वाचनालयाच्या वरच्या खोलीत चार खिळ्यांवर टांगलेला. काल संध्याकाळी तो अख्खा होता. खोली बंद करायची वेळ झाली म्हणून ग्रंथपालाने तिला दारातूनच परत पाठवलं होतं, पण तेवढं तिने लांबून पाहिलं होतं. आता त्याच तक्त्याच्या पोटातून वीतभर रुंदीचा आडवा पट्टा कोणीतरी कापून नेला होता, आणि त्या खिडकीतून मागची भिंत निर्लज्जपणे डोकावत होती.

"अहो ग्रंथपाल!" सिस्टर ओरडली. "तुमच्या तक्त्याचं ऑपरेशन झालंय!"

ऑपरेशन हा शब्द तिच्या तोंडी शोभे. चौतीस वर्षं तिने इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात काढली होती. टाके घालायच्या आधी कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे मोजायचे, आकडा जुळला की म्हणायचं, "मोजणी पूर्ण. शिवायला हरकत नाही." ती हे म्हणेपर्यंत भल्याभल्या सर्जनची सुई हवेत थांबे. एकदा एक चिमटा कमी भरला म्हणून तिने बड्या डॉक्टरला पाऊण तास तसाच उभा ठेवला होता. चिमटा त्याच्याच चष्म्याच्या दोरीला लटकत होता. गावात ही गोष्ट सांगताना पाऊण तासाचे तीन तास होतात, पण चिमटा मात्र खरा. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे. सख्खी थोरली बहीण तेवढी "अगं ए" म्हणे.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. चौतीस वर्षांची पुंजी एकरकमी हातात आली. ती तिला शेअर बाजारात ठेवायची होती. एकदाच ठेवायची आणि वीस वर्षं तिकडे ढुंकून बघायचं नाही, असा तिचा बेत. पण ठेवायची कोणत्या दलालाकडे? पर्समध्ये हिरव्या कंपनीचा फॉर्म तयार होता. 'कमिशन शून्य' अशी त्यांची जाहिरात. सही न्यायला त्यांचा टायवाला एजंट साडेदहाला इथेच येणार होता. आजचा शेवटचा दिवस, उद्यापासून खातं उघडायलाही पैसे पडणार. सिस्टरने मनाशी ठरवलं होतं, तक्ता बघितल्याशिवाय सही नाही.

कारण या तक्त्यासारखा तक्ता जगात दुसरा नव्हता. वाचनालयाच्या मंडळातल्या चार माणसांनी चार वेगवेगळ्या दलालांकडे खाती उघडली होती: निळा, पिवळा, हिरवा, पांढरा. वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, भिंतीवरच्या घड्याळात अकराचा ठोका पडला की चौघांनी एकाच क्षणी मिठाच्या कंपनीचे दहा-दहा शेअर घ्यायचे. मिळालेला भाव चिठ्ठीवर लिहून बंद पाकीट आठवड्याभरात ग्रंथपालाकडे द्यायचं. दुसऱ्याचा भाव कोणी बघायचा नाही. काल ग्रंथपालाने सगळी पाकिटं फोडून आकडे तक्त्यावर उतरवले होते. आज सकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने बेरीज व्हायची होती.

ग्रंथपाल धापा टाकत वर आला. तक्ता बघून त्याने डोक्याला हात लावला. "खरेदीच्या भावांचा पट्टा! बाराही महिने गेले!"

"चिठ्ठ्या असतील ना? त्यावरून परत लिहा."

त्याने टेबलाचा खण ओढला. मग खालचा ओढला. मग पहिला पुन्हा ओढला, आधी नीट बघितलं नव्हतं अशा आशेने.

चिठ्ठ्याही गेल्या होत्या.

२

सिस्टरने ताईला फोन केला.

ताई म्हणजे शिक्केबाई. वजनमापं खात्यात निरीक्षक होती, दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायची आणि खऱ्या वजनांवर शिक्का मारायची. ती गल्लीच्या तोंडाशी वळली की बाजारातल्या काट्यांचे काटे आपोआप सरळ होत, असं दुकानदार शपथेवर सांगत. किलोचं माप टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकून ते किती ग्रॅम कमी आहे हे ती पाठ फिरवून सांगे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी तिला बघून भाजीवाली चार मिरच्या जास्तच टाकते.

वीस मिनिटांत शिक्केबाई हजर. हातात पिशवी, पिशवीत भिंग.

"अगं ए, हात लावलास का कुठे?"

"चौतीस वर्षं थिएटरात काढली मी ताई. मला शिकवतेस?"

"म्हणजे लावलास." ताईने भिंग काढलं. कापलेली कड वरून खालून बघितली. मग सिस्टरला खूण केली. "बघ."

कड सुतासारखी सरळ होती. तिच्या लगत पेन्सिलची बारीक रेघ, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका.

"नीटस काम आहे," सिस्टर म्हणाली. "आमच्या सर्जनना असं जमलं असतं तर टाके दिसले नसते."

ताई ग्रंथपालाकडे वळली. "काल तक्ता टांगल्यावर इथे कोण कोण होतं?"

"पांढऱ्या खात्याचा मी, आणि आमची बाकीची मंडळी. दातांचे डॉक्टर, ड्रायव्हरदादा आणि गणिताचे मास्तर. मी सात वाजता पाण्याचा पंप बंद करायला खाली गेलो, तेवढ्यात एकेक करून तिघंही निघून गेले. शेवटी कोण गेलं, देव जाणे."

"तुम्ही आकडे उतरवलेत. काही डोळ्यांत भरलं?"

"मी उतरवतो बाई, वाचत नाही."

"वाचनालयात बसून?"

ग्रंथपाल ओशाळला. "एवढं आठवतं, निळा, पिवळा, पांढरा हे तिघं जवळपास एकाच भावात. हिरवा मात्र वेगळाच. एका महिन्यात बराच खाली, पुढच्यात बराच वर. मला वाटलं, शून्य कमिशनवाल्यांची काहीतरी खास तऱ्हा असेल."

"हिरवं खातं कोणाचं?"

"मास्तरांचं. पण त्यांच्यावर संशय घेऊ नका हं. फार शिस्तीचा माणूस. दर महिन्याला खरेदीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वर्तमानपत्राचं बाजाराचं पान आधी त्यांनाच लागतं. शिवाय उरलेला तक्ता बघा ना. कमिशन: शून्य. वर्षाची फी: शून्य. ते तर जिंकतायत! जिंकणारा कशाला तक्ता कापेल?"

सिस्टरलाही ते पटलं. हिरवा रकाना खरोखरच शून्यांनी भरला होता. तिने पर्समधल्या फॉर्मवरून हात फिरवला. पट्टा असो नसो, उत्तर तर समोर दिसत होतं.

"ताई, जाऊ दे गं. मी करून टाकते सही."

शिक्केबाईने भिंग खाली ठेवलं. "मी साठ-सत्तर दुकानदारांना दंड केला. त्यातल्या प्रत्येकाच्या दुकानात 'अचूक वजन' अशी पाटी होती. तू गप बस साडेदहापर्यंत."

३

पहिले आले दातांचे डॉक्टर. कापलेला तक्ता बघितला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

"वा?" ताईने विचारलं.

डॉक्टरांनी 'वा' गिळायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. "खरं सांगू का शिक्केबाई, निळा दलाल म्हणजे माझा मेहुणा. दर सौद्याला टक्केवारीने कमिशन, वर सल्ल्याची वर्षाची फी. सगळ्यांत महाग मीच असणार. बेरीज झाली असती तर घरी जेवायला कोणी वाढलं नसतं."

"सल्ला काय देतो मेहुणा?"

"दर वेळी एकच. 'थांबा.'"

"थांबा म्हणायचे पैसे? तराजू खरा आहे तुमच्या मेहुण्याचा, पण पारडं सोन्याचं बसवलंय आणि सोन्याचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर." ताईने एक कोरा पुठ्ठा पुढे सरकवला. "हा एक पट्टा कापून द्या, नवा चिकटवायला लागेल."

डॉक्टरांनी खिशातून चाकू काढला आणि गप्पा मारता मारता सर्रकन कापला. पट्टा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता झाला.

"दात काढता कसे हो तुम्ही?" सिस्टरने न राहवून विचारलं.

मग ड्रायव्हरदादा आले. बसची पहिली फेरी संपवून, टोपी मागे सारून. त्यांच्या हातात पिवळी छत्री होती, बाहेर लख्ख ऊन असताना.

"छत्री पिवळ्या दलालाची वाटतं?" ताईने विचारलं.

दादांचा चेहरा पडला. "नवं गिऱ्हाईक आणलं की एक छत्री देतात. मी डेपोतल्या सात जणांना नेलं. घरी सात छत्र्या आहेत बाई, आणि माणसं तीन. आता तक्त्यावरून कळलं असतं की पिवळ्याचं किमान कमिशन ठरलेलं, दोन शेअर घ्या नाहीतर दोनशे. मंडळाच्या पैशातून दहा घेतो ते ठीक, पण मी माझ्या पगारातून महिन्याला दोनच घेतो! डेपोतले सगळे दोनच घेतात. मला बसखाली घातलं असतं त्यांनी."

"म्हणून कापलात?"

"मी? मला कापायचं असतं तर अख्खा तक्ता पळवला असता. अर्धं काम करायची सवय नाही आपल्याला. बस मधल्या स्टॉपवर सोडून घरी जातो का मी?"

ताईने त्यांनाही पुठ्ठा दिला. दादांनी तो टेबलाच्या कडेवर दुमडला, नखाने घोटला आणि फाडला. कडेला सगळी लव उभी राहिली.

दोघांना भरपूर कारण होतं. दोघांनी ते लपवलंही नाही. तेवढ्यात जिन्यावर काठीची टकटक ऐकू आली. मास्तर येत होते.

४

मास्तर म्हणजे शर्टाची इस्त्रीसुद्धा काटकोनात. तक्ता बघून त्यांनी हळहळ व्यक्त केली, पण ती पाठ केल्यासारखी.

"आता चाचणी रद्द समजायची," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नव्याने करू. अपुऱ्या माहितीवर कोणी काही निर्णय घेणार नाही, हे उत्तम."

"असं कसं मास्तर?" सिस्टर म्हणाली. "मी तर आज हिरव्याच्या फॉर्मवर सही करतेय. साडेदहाला येतोय तो टायवाला."

मास्तरांच्या हातातली काठी खाली पडली. "आज? आजच सही?"

"तुमच्या शून्यांवर भरवसा ठेवून."

"सगळी पुंजी?"

"सगळी. आणि वीस वर्षं हात लावणार नाही."

मास्तर खुर्चीत बसले. पाणी मागितलं. ताईने पाण्याबरोबर पुठ्ठाही दिला. "जरा एवढा पट्टा कापून देता?"

मास्तरांनी आधी मोजपट्टी मागितली.

ते कापत होते तोवर सिस्टर तोंड फिरवून, परत आलेल्या पुस्तकांच्या टोपलीकडे गेली. तिला मधमाश्या पाळायचं पुस्तक हवं होतं, निवृत्तीनंतरचा दुसरा बेत. पुस्तक उघडलं तर आत खूण म्हणून हिरव्या किनारीचा कागद. वरचा भाग फाटलेला, खाली छापलेलं: 'निष्क्रियता शुल्क, तिसरी तिमाही, खात्यातून वजा केले.'

"या टायवाल्याने वैताग आणलाय," ती पुटपुटली. "पुस्तकांतसुद्धा जाहिराती घालतो."

ती कागद चुरगळणार, तोच ताईने तिचं मनगट पकडलं.

"अगं ए. जाहिरातीत कोणी 'वजा केले' असं छापतं का?"

सिस्टरने पुन्हा वाचलं.

"निष्क्रियता शुल्क म्हणजे काय गं?" तिने विचारलं.

"खात्यात तीन महिने काहीच खरेदी-विक्री केली नाही तर लावतात. गप्प बसल्याचा दंड." ताई कुजबुजली. "पुस्तक शेवटचं कोणी नेलं होतं?"

सिस्टरने मागचं पान उलटलं. तारखेपुढे ग्रंथपालाच्या हातचा एकच शब्द होता: मास्तर.

"पण ताई, ते तर दर महिन्याला अकराच्या ठोक्याला सगळ्यांसोबत बटण दाबत होते! सगळ्यांनी पाहिलंय. मग दंड कसला?"

ताई हसली. तिचं ते हसणं ज्या दुकानदारांनी पाहिलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी धंदा बदलला होता, अशी वदंता आहे.

जिन्यावर बूट वाजले. "नमस्कार मंडळी!" टायवाला आला होता, उघडं पेन हातात धरूनच.

५

"सही कुठे करायची ते मी खुणा करून आणलंय, मॅडम."

"बसा," शिक्केबाई म्हणाली. "सही होईल. आधी चोर पकडू."

टायवाला टाय सावरत बसला. ताई तक्त्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि खोलीतले सगळे नकळत ताठ झाले.

"डॉक्टरांना तक्ता नको होता. दादांना नको होता. दोघांनी तोंडावर कबूल केलं. पण डॉक्टर कापतात तिरकं आणि दादा फाडतात. हा पट्टा कापणाऱ्याने चोरी करतानासुद्धा दोन टोकांना ठिपके दिले, पट्टी ठेवून रेघ मारली आणि मग पातं चालवलं. आज सकाळी माझ्यासमोर एकाच माणसाने असं कापलं." तिने तिसरा पट्टा उचलून दाखवला. दोन टोकांना दोन ठिपके.

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"पण ते तर जिंकत होते!" ग्रंथपाल म्हणाला.

"तिथेच तर गंमत आहे. तुम्हीच सांगितलंत, हिरव्याचा भाव कधी वर, कधी खाली. माझ्या नोकरीत मी शेकडो लबाड काटे बघितले. लबाड काटा नेहमी दुकानदाराच्या बाजूला झुकतो. जो काटा आज गिऱ्हाइकाकडे आणि उद्या दुकानदाराकडे झुकतो, तो लबाड नसतो. त्याच्यावर कोणी वजनच केलेलं नसतं."

ताई एक पाऊल मास्तरांच्या दिशेने सरकली.

"मास्तर दर महिन्याला खरेदीनंतरच्या बुधवारी बाजाराचं पान मागत. त्यात आदल्या दिवशीचा बाजार बंद होतानाचा भाव छापतात. अकराचा नव्हे. मास्तर तोच भाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालत. चौघांचे आकडे शेजारी शेजारी आल्यावर कोणाच्याही लक्षात आलं असतं. आणि हा पुरावा." तिने हिरव्या किनारीचा कागद वर धरला. "दर महिन्याला खरेदी करणाऱ्याला गप्प बसल्याचा दंड का झाला? कारण त्याने खरेदी केलीच नाही. बटण दाबलं ते नुसतं दाखवायला."

"पण का?" सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं. "का हो मास्तर?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पहिल्या महिन्यात घेतले मी शेअर. दुसऱ्या महिन्यात त्या यंत्राने पासवर्ड बदलायला सांगितला. मी एकोणीस आकड्यांची संख्या ठेवली. कोणाला फुटणार नाही अशी. आणि..." ते थांबले. "मलाही फुटेना."

ड्रायव्हरदादांनी छत्रीत तोंड खुपसलं.

"मदतीचा फोन लावायचा ना!" डॉक्टर म्हणाले.

"लावला. पलीकडून आवाज आला, 'बोला सर!' हा होता." मास्तरांनी टायवाल्याकडे बोट दाखवलं. "याला मी सतराचा पाढा विसरला म्हणून तीन दिवस वर्गाबाहेर उभा केला होता. आता मी काय सांगू याला? मी विसरलो म्हणून? फोन ठेवून दिला. वाटलं, पुढच्या महिन्यात आठवेल. अकरा महिने झाले." त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "काल पट्टा कापला तो चाचणी रद्द व्हावी म्हणून. तुम्ही त्या शून्यांवर सगळी पुंजी लावताय हे माहीत असतं तर... मी तुम्हाला सांगितलं असतं. सांगणारच होतो. पाणी प्यायलो ते त्यासाठीच."

एवढा वेळ टायवाला तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "सर, तुम्ही पासवर्ड विसरलात?"

मास्तर उभे राहिले. काठी न घेता. "हो. विसरलो. बाहेर उभा राहू का?"

टायवाल्याचे कान लाल झाले. "नका हो सर. दोन मिनिटांचं काम आहे." त्याने मोबाइल काढला. मास्तरांनी बोटाने चार वेळा काहीतरी दाबलं. खातं उघडलं.

पडद्यावर पहिल्या महिन्याची एक खरेदी. त्याखाली, एकाखाली एक, तीन वेळा: निष्क्रियता शुल्क.

घड्याळात अकराला चार मिनिटं कमी होती.

६

"आज पहिलाच मंगळवार आहे," शिक्केबाई म्हणाली. "चौघंही बसा. वर्षभर जे व्हायला हवं होतं ते आज एकदा तरी खरंखुरं होऊ दे."

डॉक्टर, दादा, ग्रंथपाल आणि मास्तर आपापले फोन घेऊन टेबलाभोवती बसले. टायवाला हळूच दाराकडे सरकत होता. सिस्टर दारात जाऊन उभी राहिली. चौतीस वर्षांत तिच्या दारातून कोणी मोजणीआधी बाहेर गेलं नव्हतं.

अकराचा ठोका पडला. चार अंगठे एकदम खाली आले.

"निळा, दोनशे!" डॉक्टर ओरडले.

"पिवळा, दोनशे!"

"पांढरा, दोनशे," ग्रंथपाल म्हणाला, आणि या वेळी त्याने वाचलंही.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हिरवा, दोनशे एक."

"काय हो," शिक्केबाई टायवाल्याला म्हणाली, "कमिशन शून्य ना?"

"शून्यच आहे बाई! भाव थोडा... भावात थोडं..."

"पिशवीचे पैसे घेत नाही, पण पारड्यात अंगठा ठेवता." ताई तृप्त झाली. निवृत्तीनंतर तिला पहिल्यांदाच इतकं बरं वाटत होतं.

मग सिस्टर पुढे आली. तिने फॉर्म टेबलावर उताणा पसरला, पेशंटसारखा.

"आता मी मोजते. तुम्ही फक्त हो-नाही म्हणायचं. माझी पुंजी मी एकदाच गुंतवणार. भावात दोनशेला एक जाणार. हो?"

"हो."

"म्हणजे माझ्या नऊ दिवसांच्या ड्यूटीचा पगार. मग वीस वर्षं हात लावणार नाही. दर तिमाहीला गप्प बसल्याचा दंड. हो?"

टायवाल्याने टाय सैल केला. "हो."

"वर्षाला चार. वीस वर्षांत?"

"ऐंशी!" मास्तर गरजले. आवाज थेट वर्गातला होता.

"आणि कंटाळून दुसरीकडे गेले तर बाहेर पडायची फी. हो?"

"...हो."

सिस्टरने फॉर्मची घडी घातली. "अजून काही पोटात राहिलंय?"

"नाही मॅडम. एवढंच."

शिक्केबाई मंडळाकडे वळली. "आणि तुम्ही शहाणे लोक! तुमचा तक्ता अख्खा असता, मास्तर खरं बोलले असते, तरी हा दंड त्यात दिसला नसता. तुम्ही दर महिन्याला खरेदी करता, दंड तुम्हाला लागेलच कसा? ही बाई वीस वर्षं गप्प बसणार आहे. तिच्यासाठी सगळ्यांत मोठा आकडा तुमच्या तक्त्यात नव्हताच. तो सापडला, कारण एक माणूस पासवर्ड विसरला."

मास्तरांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा.

"पांढऱ्याचं बोला," सिस्टरने ग्रंथपालाला फर्मावलं.

"पांढरा दिसायला कुरूप आहे," ग्रंथपाल म्हणाला. "त्यांचा पडदा बघितला की डोळे दुखतात. फोन दहाच्या आधी उचलत नाहीत. पण कमिशन ठरलेलं, थोडकं, खरेदी कराल तेव्हाच. वर्षाची फी नाही. गप्प बसलात तर विचारतसुद्धा नाहीत, जिवंत आहात का म्हणून."

"मला हेच पाहिजे."

ड्रायव्हरदादा मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होते. ते एकदम उठले. "अहो टायवाले, थांबा. मी महिन्याला दोन शेअर घेतो, एकही महिना चुकवत नाही. मला दंड लागेल?"

"नाही."

"भावात किती जातील?"

"दोन शेअरला दोन."

"आणि पिवळा किमान कमिशनाचे वीस घेतो! आमच्यासाठी हिरवाच स्वस्त की हो! आणा तो फॉर्म. डेपोतल्या सातही जणांचे आणा. छत्री मागणार नाही."

टायवाल्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. एक मोठं गिऱ्हाईक गेलं आणि आठ छोटी मिळाली. त्याने सिस्टरचा फॉर्म खिशात घातला आणि मास्तरांना वाकून नमस्कार केला. "सर, सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. आता विसरत नाही."

"बस खाली," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की काय, हे चष्म्यामुळे कळलं नाही.

डॉक्टर खिडकीत उभं राहून मेहुण्याला फोन करत होते. "माझ्यासमोर तक्ता आहे. हो, तक्ता. निम्म्यावर येतोस की मी पांढऱ्याकडे जाऊ? ...नाही, 'थांबा' म्हणू नकोस. ...निम्म्यावर? पक्कं?" त्यांनी फोन ठेवला आणि या वेळी बेधडक म्हणाले, "वा!"

मास्तरांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, मग घडी घातलेला पट्टा काढला. जपून ठेवला होता, फाडायचा धीर झाला नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने तक्त्यावर परत चिकटवला. पहिला महिना सोडून हिरव्या रकान्यातल्या अकराही भावांवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'खरेदी केली नाही'. मग तक्त्याच्या तळाशी मोजपट्टी ठेवली, दोन टोकांना दोन ठिपके दिले आणि एक नवी रेघ आखली. नव्या रांगेला नाव दिलं: गप्प बसण्याचा दंड. हिरव्याच्या घरात त्यांनी आपल्या खात्यातून गेलेला आकडा लिहिला, ठळक, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल असा.

ग्रंथपालाने पांढऱ्या दलालाचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. सिस्टरने पेन घेतलं.

"कमिशन, एकदाच. वर्षाची फी, नाही. दंड, नाही. बाहेर पडायची फी, थोडी, पण छापलेली. भाव, दोनशे." तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं. आवाज तोच होता, चौतीस वर्षं भल्याभल्यांच्या सुया हवेत थांबवणारा. "मोजणी पूर्ण. शिवायला हरकत नाही."

शिक्केबाईने पिशवीतून शाईचा जुना डबा काढला. त्यात तिचा शिक्का होता. खात्याला परत द्यायला सात वर्षं विसरली होती, असं ती म्हणे. तो तिने तक्त्याच्या कोपऱ्यात दणकन उठवला, वजन खरं असल्याचा.

मग तिने खुर्ची ओढून धाकट्या बहिणीपुढे नीट सरकवली.

"करा सही," ती म्हणाली, "सिस्टर."